वहिदाबाईंच्या लेकी

वहिदाबाईंना पहिल्यांदा पाहणारा माणूस त्यांना बांगडीवालीच समजायचा, आणि त्यात त्याची काही चूक नसायची. खांद्याला सरकारी पिशवी. पिशवीत बीपीचं मशीन, गोळ्या, रजिस्टर, आणि या सगळ्याच्या वर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, इरफानभाई मणियार यांचं पळसदेवला बांगड्यांचं दुकान आहे. धंदा घराण्यातला. बाई मात्र नर्सिंग शिकल्या, आणि पळसदेवपासून सात किलोमीटरवर, उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेला असलेल्या आमच्या कुंभेवाडीच्या उपकेंद्रात अठरा वर्षं नोकरी केली.

मी सर्जेराव. जवळच्या आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक होतो, आता निवृत्त आहे. तापाच्या माणसांचं रक्त तपासणीला घ्यायचं, पाण्याच्या टाकीत औषध टाकायला लावायचं, असली कामं. सगळे तात्या म्हणायचे. शेवटची काही वर्षं मला ऑफिसातच बसवलं, कारण मला कॉम्प्युटर बऱ्यापैकी यायचा. तो आला नसता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. हे मी बाईंविषयी लिहितो आहे, पण त्यात माझाही भाग येतो. तो जिथं येईल तिथं लपवणार नाही, एवढं मनाशी ठरवून बसलो आहे.

बाई तोंडाच्या फटकळ होत्या. एखाद्या सासूनं सुनेच्या लोहाच्या गोळ्या फळीवर तशाच ठेवलेल्या दिसल्या, की सासूलाच समोर बसवून विचारायच्या, "ह्या काय कोंबड्यांस्नी ठिवल्यात व्हय, मावशी?" सरपंचांच्या नातवाचा डोस चुकला तर भर ग्रामसभेत त्यांना सुनावायच्या. रमजान ऐन उन्हाळ्यात आला तरी रोजा धरून वस्त्या हिंडायच्या, आणि कुणी काळजीनं काही म्हणालंच तर, "तुमच्या सुनंनं दुपारचं जेवण चुकवलंय, तिला बोला," असं म्हणून पुढच्या घरी. लोक त्यांना घाबरायचे आणि बाईंवाचून लोकांचं चालायचंही नाही. मला त्यांचा थोडा राग यायचा, खरं सांगतो. मी त्याच गावात जन्मलेलो, पण लोक दुखलंखुपलं सांगायचे बाईंना. माझ्यापाशी यायचे ते दाखल्यावर सही कुठं मिळते ते विचारायला.

आता त्या बांगड्यांचं सांगतो.

सरकारी रजिस्टरात गरोदर बाईची नोंद ती जिथं नांदते तिथं होते. पण आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, हिरवा चुडा भरला, की पोरगी आईकडं येते ती बाळ दीड-दोन महिन्यांचं होईपर्यंत. म्हणजे नाव एका गावाच्या रजिस्टरात आणि पोट दुसऱ्या गावात. सासरच्या नर्सला वाटतं, गेली माहेरी. माहेरच्या नर्सला वाटतं, आपल्या रजिस्टरात नाही. शेवटचे दोन-तीन महिने, म्हणजे जे सगळ्यांत काळजीचे, त्या काळात ती पोरगी कुणाचीच नसते.

बाईंनी यावर त्यांचा उपाय काढला होता. त्यांच्याकडं एक लांबुळकी वही होती. उघडली की डाव्या पानावर 'सुना', उजव्या पानावर 'लेकी'. "सुना सरकारच्या, लेकी माझ्या," असं त्या म्हणायच्या. कुणाची लेक बाळंतपणाला आली हे त्यांना पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत कळायचं. मग सासरच्या गावच्या नर्सला फोन करून वजन, रक्त, बीपी सगळं विचारून उजव्या पानावर उतरवायचं, आणि येणाऱ्या मंगळवारी पोरीच्या घरी हजर व्हायचं. माहेरवाशिणीच्या घरी बाई येणार म्हणजे मंगळवारीच, हे कुंभेवाडीत लहान पोरालाही माहीत होतं.

गेल्या गेल्या पोरीच्या हातात सहा बांगड्या भरायच्या. इरफानभाई त्या फुकट द्यायचे आणि वर कुरकुरायचे. भरता भरता गप्पा चालायच्या, सासूच्या चहाड्या ऐकून घ्यायच्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई लाड करताहेत. लाड होतेच, पण त्याच वेळी तपासणीही चाललेली असायची. पहिल्या दिवशी बांगडी मनगटावरून वर किती सरकते ते बाई बघून ठेवायच्या. पुढच्या मंगळवारी हात हातात घेऊन तीच बांगडी पुन्हा वर सरकवायची. ती अलीकडंच अडली, की गप्पा थांबायच्या नाहीत, पण बाईंचा दुसरा हात पिशवीतल्या मशीनकडं जायचा.

मी एकदा विचारलं होतं, मशीन असताना हे कशाला.

"मशीन काढलं की पोरगी घाबरती तात्या, आन् घाबरली की आकडा वर जातोय. बांगडी भरताना कुणी घाबरत न्हाई." मग म्हणाल्या, "पायाला सूज सगळ्यांस्नीच येती. हाताला आली की मला झोप लागत न्हाई."

हे त्यांनी मला सांगितलं. बायकांना मात्र कधी सांगितलं नाही. बांगडी जरा घट्ट झाली की पोरी रडत बसतील, सासरी फोन जातील, मांत्रिक येईल, अशी त्यांना धास्ती. त्यामुळं त्यांच्या हातातली ती विद्या त्यांच्याच हातात राहिली. अठरा वर्षांत अशा अकरा पोरी त्यांनी ओळखल्या आणि कधी इंदापूरला, कधी बारामतीला स्वतः नेऊन सोडल्या. कुंभेवाडीची एकही लेक बाळंतपणात गेली नाही. हा आकडा कुठल्याही सरकारी कागदावर नाही, कारण त्या आमच्या रजिस्टरात नव्हत्याच.

मग विभाग आले.

दोन वर्षांपूर्वी आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर नकाशा. आसपासची उपकेंद्रं, दवाखाने, गाड्या, औषधं, माणसं, हे सगळं आता एका विभागीय कार्यालयाच्या हाताखाली येणार होतं. एक तरुण साहेब समजावून सांगत होते. हुशार होते, माणूसही वाईट नव्हता. 'जिथं गरज तिथं मनुष्यबळ,' असं ते तीन-चारदा म्हणाले. त्यात चूक काय काढणार? आणि खोटं कशाला बोलू, काही गोष्टी सुधारल्याही. औषधांसाठी महिना महिना वाट बघावी लागायची ती संपली. रिकाम्या खुर्चीवर डॉक्टर आला. मीही घरी जाऊन बायकोला सांगितलं की आता कामाला शिस्त येईल.

शिस्त अशी होती. प्रत्येक गरोदर बाईचं नाव एकदाच आणि एकाच ठिकाणी, नांदत्या गावी. दोन ठिकाणी नाव सापडलं तर ते दुबार, आणि दुबार नोंदीचा जाब ती करणाऱ्याला. ज्या उपकेंद्रात वर्षाला साठपेक्षा कमी गरोदर बायका, ते शेजारच्यात मिसळायचं आणि तिथली नर्स जास्त गरजेच्या जागी पाठवायची. याद्या तयार करायचं काम माझ्याकडं आलं.

बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कुंभेवाडीची यादी स्क्रीनवर होती, आणि या वेळी बाईंनी वहीतलं उजवं पानही त्यात भरून दिलं होतं. सुना चव्वेचाळीस, लेकी सत्तावीस.

"लेकी काढू नका तात्या," त्या म्हणाल्या. भांडणाचा सूर नव्हता. मला तेच नवीन होतं.

"बाई, त्यांची नावं सासरी हायेत. दुबार व्हतंय."

"व्हऊ द्या की. दोनदा तपासली तर काय झिजती का पोरगी?"

"मला जाब देयाला लागंल."

"तुमी लिवा, वहिदानं सांगितलं म्हणून. माझी सही घ्या."

मी सही घेतली नाही. नियम पाळणारा माणूस म्हणून माझं नाव होतं, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि तेवढ्यासाठी कुणाशी वाकडं घ्यायची माझी तयारी नव्हती. शिवाय, आज लिहितोच आहे तर तेही लिहितो, बाई माझ्याकडं विनवणी करताहेत याचं मला आतून थोडं बरं वाटलं होतं. एकेक करून मी सत्तावीस नावं काढली. यादी चव्वेचाळीसवर आली आणि चार महिन्यांनी कुंभेवाडीचं उपकेंद्र मिसळलं गेलं.

मिसळलं म्हणजे कुलूप लागलं. बीपीचं मशीन, वजनकाटा, इंजेक्शनांचा डबा, सगळं मोजून विभागाच्या भांडारात गेलं. गरोदरपणात बीपी चढून झटके येतात, त्यावर द्यायचं इंजेक्शन बाई कायम डब्यात तयार ठेवायच्या, तेही गेलं. कुंभेवाडी आता चौदा किलोमीटरवरच्या केंद्राला जोडली. बाईंची बदली बारामती एमआयडीसीच्या बाजूला, कामगारांच्या वस्तीत. तिथं बायका खरंच खूप होत्या आणि नर्स नव्हती, म्हणजे साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं. रोज जाऊन येणं जमेना म्हणून बाईंनी तिथं खोली घेतली. रविवारी सकाळच्या एसटीनं पळसदेवला यायच्या.

सुरुवातीला त्या रविवारी कुंभेवाडीला चक्कर मारायच्या. ते कुणीतरी वर कळवलं. नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर परस्पर सेवा दिल्याबद्दल कारणे दाखवा, अशी नोटीस आली. बाई ती घेऊन माझ्याकडं आल्या. उत्तर मीच लिहून दिलं, 'पुन्हा असे होणार नाही' या वाक्यासकट. त्यांनी सही केली, आणि जाताना ती लांबुळकी वही माझ्या टेबलावर ठेवली. "उजवी बाजू बघत जावा अधनंमधनं," म्हणाल्या. मी बरं म्हणालो आणि वही कपाटात टाकली.

आता सोनमचं.

कुंभेवाडीचे आप्पासाहेब आणि विजयमाला वहिनी यांची ती एकुलती एक लेक. मी तिला पोलिओचे थेंब पाजलेत. माझा हात चावून पळाली होती. बारावीनंतर सांगवीला दिली, ते गाव शेजारच्या विभागात. जावई राजवर्धन एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात, मोटरसायकलवर जाऊन-येऊन. चांगलं घर. मे महिना होता, उजनीचं पाणी खाली गेलं होतं, आणि पळसदेवचं पाण्यातून वर आलेलं जुनं देऊळ बघायला पुण्याकडच्या गाड्या येत होत्या. त्या सुमारास सोनम बाळंतपणाला माहेरी आली.

सांगवीच्या नर्सनं आपलं काम चोख केलं होतं. सोनमचं बीपी जरा वरच्या बाजूला आहे, दर आठवड्याला बघायचं, असं तिच्या कार्डावर लिहिलेलं होतं. पण ते कार्ड सासूबाईंनी कपाटात नीट ठेवलं होतं. सरकारी कागद, प्रवासात हरवला तर काय घ्या, म्हणून. चांगल्या घरात कागद असेच जपतात.

सारजा ही कुंभेवाडीची आशाताई, गावातली आरोग्य कार्यकर्ती. मोबाइलमधल्या यादीप्रमाणं घरं फिरायची. तिनं मला फोन केला.

"तात्या, आप्पासाहेबांची सोनम आलीया. यादीत नाव दिसंना."

"ती सांगवीची. तिकडं हाय नाव."

"हितं घालू का?"

"दुबार व्हईल. नगं घालूस."

"मग बघायला जाऊ का नगं?"

मी त्या वेळी महिन्याचा अहवाल भरत होतो. "तिकडची बाई बघंल," म्हणालो आणि फोन ठेवला. सगळं मिळून एक मिनिटही झालं नसेल.

इकडं विजयमाला वहिनी निर्धास्त होत्या. शेजारणीनं म्हणे म्हटलंही, एकदा दवाखान्यात दाखवून आणा. वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी बाई येत्याल की." उपकेंद्राला कुलूप लागलं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण दवाखाना बंद झाला म्हणजे बाईंचं लेकीच्या घरी येणंही बंद झालं, असं त्यांच्या मनात आलं नाही. अठरा वर्षांत कुठल्या लेकीच्या घरी बाई आल्या नाहीत असं झालंच नव्हतं. पहिला मंगळवार गेला. काही काम निघालं असेल बाईंचं. दुसरा गेला.

त्या आठवड्यात सोनमचा चुडा हाताला रुतायला लागला. विजयमाला वहिनींना आनंद झाला. सासरी पोरगी वाळली होती, आता माहेरचं अन्न अंगी लागलं, असं त्या चारचौघींत सांगत होत्या. साबण लावून बांगड्या काढल्या. दोन वाढवाव्या, म्हणजे फोडाव्या, लागल्या. आणि शुक्रवारी पळसदेवला येऊन त्यांनी इरफानभाईंच्या दुकानातून एक माप मोठ्या बांगड्या नेल्या. सोनमचं डोकं दुखत होतं, त्याला सुंठ उगाळून लावली होती.

रविवारी सकाळी बाई एसटीनं उतरल्या आणि दुकानातच चहा घेत बसल्या. इरफानभाई पेट्या लावत होते. ते काय बोलले आणि पुढं काय झालं, ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. सांगताना ते मधेच थांबून दुकानातल्या पेट्या नीट करत होते.

"अगं, आप्पासाहेबांची सोनम आलीया जणू. वहिनी चुडा घेऊन गेल्या परवा. लगनात दोन-चारचं माप हुतं, आता दोन-सहाचं लागतंय म्हणत्या. पोरगी भरली चांगली."

बाईंनी कप खाली ठेवला. "कितवा महिना?"

"आठवा-नववा असंल. मला काय ठावं."

"उठा. गाडी काढा."

मोटरसायकलवरून ते पंधरा मिनिटांत कुंभेवाडीला पोचले. सोनम ओसरीवर पडली होती. डोळ्यांसमोर काजवे चमकतात, म्हणाली. बाईंनी तिचा हात हातात घेतला. दोन-सहाची बांगडीसुद्धा मनगटावर रुतली होती. मशीन नव्हतं, कारण ते मोजून भांडारात गेलं होतं. इंजेक्शन नव्हतं. शेजारच्यांची मासळी न्यायची पिकअप होती, तिच्यात गादी टाकली आणि बाईंनी भिगवणमार्गे सरळ बारामती गाठायचं ठरवलं. वाटेतून त्यांनी मला फोन केला, मोठ्या दवाखान्यात कळवून ठेवा म्हणाल्या. मी कळवलं. माझ्या हातून त्या सगळ्यात झालेलं धड काम तेवढं एकच.

भिगवण मागं पडल्यावर पोरीला पहिला झटका आला. बाईंनी तिला कुशीवर धरलं, तोंडात काही जाऊ दिलं नाही, आणि वहिनींना देवाचं नाव घ्यायला लावलं. बारामतीला डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी हयगय केली नाही. ऑपरेशन करून बाळ काढलं, मुलगी झाली, रडली. सोनमच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती गेली. बावीस वर्षांची होती. मीही तोवर बारामतीला पोचलो होतो. राजवर्धन कारखान्याच्या कपड्यांतच आला होता. तो बाळाकडं बघायला तयार नव्हता, आणि त्याला तसं बघताना मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

सगळे विधी सांगवीला झाले. कागदही तिकडंच गेला. तिसऱ्या दिवशी मला आमच्या विभागाचा मासिक अहवाल पाठवायचा होता. 'माता मृत्यू' या रकान्यात शून्य भरायचं होतं, कारण नियमानं ते शून्यच होतं. मी बराच वेळ त्या रकान्याकडं बघत बसलो. तिथं एक टाकून बघितला. सिस्टीमनं नाव विचारलं. नाव टाकलं तर अशी व्यक्ती या विभागात नाही असं आलं. मग मी शून्य भरलं. त्या तिमाहीत आमच्या विभागाचं कौतुक झालं, सगळ्यांना पत्रं आली. माझंही आहे घरात कुठंतरी.

पाचव्या दिवशी आम्ही कुंभेवाडीला भेटायला गेलो. बाई, इरफानभाई आणि मी. बाईंनी त्यासाठी रजा काढली होती. गावाच्या अलीकडं त्या इरफानभाईंना म्हणाल्या, "बांगडी अडली की मला सांगा, एवढं एक वाक्य बायांस्नी सांगितलं असतं तर? एवढी कशाची अक्कल चालवली मी?" इरफानभाईंनी माप बदलून दिलं होतं आणि त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे ते स्वतःलाच समजावत असावेत.

आप्पासाहेब बाहेर बाजेवर बसून होते. आत विजयमाला वहिनी भिंतीला टेकल्या होत्या, गावच्या पाच-सात बायका भोवती होत्या, सारजाही होती. बाई जाऊन त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. मी दाराशी टेकलो. मग वहिनींनी मान वर केली.

"बाई, दोन मंगळवार तिनं वाट बघितली. सकाळपासनं केस विंचरून बसायची. आई, बाई अजून न्हाई आल्या, म्हणायची. तुमी का आला न्हाईत?"

वहिनींचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

बाईंकडं सांगण्यासारखं खूप होतं. बदली होती. नोटीस होती, आणि पुन्हा असं होणार नाही हे त्यांच्या सहीचं उत्तर होतं, जे मी लिहिलं होतं. सोनम आल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ज्याला कळवलं होतं तो दाराशी बसला होता. त्यानं सत्तावीस नावं काढली नसती तर उपकेंद्र उघडं राहिलं असतं, बाई कुंभेवाडीतच असत्या, आणि पहिल्याच मंगळवारी सोनमचा हात त्यांच्या हातात असता. बाईंनी हे सांगितलं असतं तर त्या खोलीतल्या एकाही बाईनं त्यांना दोष दिला नसता.

"चुकलं माझं, वहिनी," बाई म्हणाल्या. "यायला पायजे हुतं मी."

विजयमाला वहिनींनी दोन्ही हातांनी त्यांना मारायला सुरुवात केली. खांद्यावर, छातीवर, मांडीवर, जिथं हात पडेल तिथं. बायका धरायला उठल्या तर बाईंनीच त्यांना हातानं थांबवलं. त्यांनी अंग चोरलं नाही. डोक्यावरचा पदर खाली आला तोही सावरला नाही. हात दमल्यावर वहिनी त्यांच्याच मांडीवर पडून रडायला लागल्या, आणि बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. स्वतः रडत होत्या, पण तोंडातून आवाज काढत नव्हत्या.

सारजानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच पाहिलं. तो फोन तिला माहीत होता आणि मला माहीत होता. तिथं सगळी माणसं बसली होती, आप्पासाहेब दारात येऊन उभे राहिले होते, आणि खरं सांगायला अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. मला वाटतं बाईसुद्धा थांबल्या होत्या. मी घसा खाकरला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"वहिनी," मी म्हणालो, "थोडं पाणी घ्या."